सोडता न आलेलं तख्त

सन ११७० च्या सुमाराची गोष्ट. जेरुसलेमच्या राजपुत्राबरोबर सरदारांची काही मुलं खेळत होती. खेळ तसा दांडगटच. एकमेकांच्या हाताला, दंडाला चिमटे काढायचे, नखं रुतवायची आणि कोण ओरडतं ते बघायचं. बाकीची मुलं कळवळत, ओरडत. राजपुत्र मात्र हूं की चूं करत नसे. नऊ वर्षांचं पोर ते. त्याच्या शिक्षकाच्या कानावर हे आलं, तेव्हा त्याला आधी कौतुकच वाटलं. मुलगा सोशीक आहे, राजाच्या मुलानं असंच असावं. पण पुन्हा पुन्हा तेच घडू लागलं, तेव्हा त्यानं मुलाला जवळ बोलावलं, विचारपूस केली, हात तपासला. मग उलगडा झाला. मुलगा दुखणं सोसत नव्हता. त्याला दुखतच नव्हतं. उजव्या हाताचा आणि दंडाचा जवळजवळ अर्धा भाग बधिर झालेला होता.

हा शिक्षक म्हणजे टायर शहराचा विल्यम. मोठा विद्वान, पुढे टायरचा आर्चबिशप आणि राज्याचा चिटणीस झाला. त्यानं आपल्या काळाचा इतिहास लिहून ठेवला, म्हणून ही हकीकत आपल्यापर्यंत आली. तो लिहितो, की हे सांगताना डोळे कोरडे ठेवणं कठीण आहे. इतिहासकार सहसा असं लिहीत नाहीत. पण हा इतिहासकार त्या पोराला अक्षरं गिरवायला शिकवत होता.

आपल्याकडे खेड्यापाड्यांत आरोग्यसेवक अंगावरचा फिकट चट्टा तपासताना डोळे मिटायला सांगतात आणि तिथं हलकेच स्पर्श करून, ‘कळतंय का?’ असं विचारतात. न कळणं ही पहिली खूण. आपण त्याला कुष्ठरोग म्हणतो, जुनी माणसं महारोग म्हणत, अरबीत जुझाम. नॉर्वेच्या हॅन्सन या डॉक्टरनं १८७३ साली त्याचा जंतू शोधला आणि १९८० च्या दशकापासून औषधांच्या एकत्रित उपचारानं तो पुरता बरा होऊ लागला. ज्या महाराष्ट्रानं वरोऱ्याचं आनंदवन पाहिलं आहे, त्याला या रोगापेक्षा रोग्याकडे पाहणारी नजर किती जीवघेणी असते हे वेगळं सांगायला नको. बाराव्या शतकात तर औषधही नव्हतं आणि नजरही तीच होती.

त्या राजपुत्राचं नाव बाल्डविन. जेरुसलेमच्या गादीवरचा चौथा बाल्डविन. ज्याला राज्य करायची फारशी हौस नव्हती, ज्यानं ते राज्य दुसऱ्याच्या हाती सोपवायची खटपट पुन्हा पुन्हा केली, आणि ज्याला ते शेवटच्या श्वासापर्यंत सोपवता आलं नाही, अशा राजाची ही हकीकत आहे. आमच्यासारख्या घरांतून सलाहुद्दीन अय्युबीचं नाव लहानपणापासून अदबीनं घेतलं जातं. त्याच्या समोर कोण उभं होतं, हे मात्र कुणी सांगत नाही. समोर बराच काळ हा मुलगा उभा होता.

आधी राज्याविषयी थोडं. सन १०९९ मध्ये युरोपातून आलेल्या क्रूसेडच्या फौजांनी जेरुसलेम जिंकलं आणि तिथं आपलं राज्य मांडलं. समुद्रकाठची एक लांबट पट्टी, काही किल्ले, काही बंदरं. राज्यकर्ते मूठभर, प्रजेत स्थानिक मुसलमान, अरबी बोलणारे ख्रिस्ती, ज्यू. हे राज्य टिकलं याचं मोठं कारण आजूबाजूच्या मुसलमान सत्तांचं आपसांत पटत नव्हतं, हे होय. कैरो एका बाजूला, दमास्कस दुसऱ्या, अलेप्पो तिसऱ्या. ११६९ मध्ये सलाहुद्दीन इजिप्तचा वजीर झाला, ११७१ मध्ये तिथली फातिमी खिलाफत संपली आणि ११७४ मध्ये दमास्कसही त्याच्या हाती आलं. आता जेरुसलेमच्या दोन्ही अंगांना एकच माणूस होता. आणि नेमक्या त्याच वर्षी जेरुसलेमचा राजा अमालरिक, बाल्डविनचा बाप, अवघ्या ३८ व्या वर्षी हगवणीनं गेला.

बाल्डविनच्या बारशाची, म्हणजे बाप्तिस्म्याची, एक आठवण विल्यमनं दिली आहे. तेव्हा गादीवर होता त्याचा चुलता, तिसरा बाल्डविन. त्याला कुणीतरी थट्टेनं विचारलं, पुतण्याला काय आहेर केलात? तो हसत म्हणाला, जेरुसलेमचं राज्य. काका तरुण होता, त्याला मूलबाळ व्हायचं होतं, म्हणून ही थट्टा. पण तो ११६३ मध्ये निपुत्रिकच वारला आणि थट्टा खरी ठरली. भाऊ अमालरिकला गादी मिळाली ती एका अटीवर. बायको अ‍ॅग्नेस सोडायची. कारण दाखवलं गेलं जवळच्या नात्याचं. खरं कारण सरदारांना ती नको होती. मुलं औरस धरली गेली, पण बाल्डविनची आई दोन वर्षांच्या आत घरातून गेली आणि बहीण सिबिला जोगिणींच्या मठात वाढायला गेली. म्हणजे या पोराला राज्य मिळालं त्याची पहिली किंमत म्हणून आई गेली. तिची जागा काही प्रमाणात विल्यमनं घेतली असावी, असं त्याचं लिखाण वाचताना वाटत राहतं.

अमालरिकनं मुलासाठी वैद्य केले. त्यात इजिप्तहून आणलेला अबू सुलेमान दाऊद नावाचा अरबी ख्रिस्ती हकीम होता. रोग हटला नाही. पण त्या हकिमाच्याच कुटुंबातल्या अबुल खैर नावाच्या माणसानं मुलाला घोड्यावर बसायला शिकवलं. ज्याच्या हाताला लगामाचा स्पर्श कळत नाही त्याला घोडा शिकवायचा, तर केवळ गुडघ्यांच्या दाबावर. मुलगा शिकला आणि असा शिकला, की त्याच्यासारखा स्वार नाही, असं विल्यम म्हणतो. स्मरणशक्तीही दांडगी, कुणाचे उपकार विसरायचा नाही आणि अपमानही विसरायचा नाही. इतिहास ऐकायची आवड होती.

१५ जुलै ११७४ रोजी तेरा वर्षांच्या बाल्डविनच्या डोक्यावर मुकुट ठेवला गेला. रोगाचा संशय असताना तरी हे कसं घडलं? एक तर तोवर रोगाचं नाव उघडपणे कुणी घेतलं नव्हतं. आणि दुसरं, पर्याय कुठं होता? सिबिलाचं लग्न झालेलं नव्हतं. तिला राणी करायचं तर उद्या तिचा नवरा राजा होणार आणि तो कोण, यावरून तलवारी निघणार. सावत्र बहीण इसाबेला तर रांगती. त्या राज्याच्या रिवाजाप्रमाणे सरदाराला कुष्ठरोग झाला, तर त्यानं संत लाझरसच्या पंथात जायचं, शहराच्या तटाबाहेर त्या रोग्यांचं इस्पितळ होतं. राजानं कुठं जायचं, हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं.

अज्ञान राजा म्हटला, की मुखत्यार कारभारी आलाच, आणि कारभारी आला की हेवेदावे आले. पहिला कारभारी माइल्स काही महिन्यांतच अक्को शहराच्या रस्त्यात भोसकून मारला गेला. मग आला त्रिपोलीचा काउंट रेमंड. हा हुशार, सावध, आठ-नऊ वर्षं मुसलमानांच्या कैदेत काढलेला, शत्रूची रीत जाणणारा. त्यानं सलाहुद्दीनशी तह करून वेळ काढला. ११७६ मध्ये पंधराव्या वर्षी बाल्डविन कायद्यानं सज्ञान झाला. तोवर रोगाविषयी शंका उरली नव्हती. हात, पाय, चेहरा, सगळीकडे तो दिसू लागला होता. लग्न नाही, वारस नाही, आयुष्य किती त्याचा भरवसा नाही. या मुलानं तेव्हाच जे ओळखलं ते त्याच्या दरबारातल्या म्हाताऱ्यांना शेवटपर्यंत ओळखता आलं नाही. आपल्यानंतर कोण, हे आपण असतानाच ठरलं पाहिजे.

म्हणून त्यानं सिबिलाचं लग्न इटलीतल्या माँफेराच्या विल्यम या नामवंत सरदाराशी लावून दिलं. घराणं मोठं, माणूस धाडसी. तो सात-आठ महिन्यांत तापानं गेला, सिबिलाला दिवस गेलेले ठेवून. त्याच ११७७ साली फ्लँडर्सचा काउंट फिलिप, राजाचा आतेभाऊ, मोठी फौज घेऊन यात्रेला आला. राजा स्वतः आजारी होता. त्यानं फिलिपला सांगितलं, सगळा कारभार घे, सैन्य घे, खजिना घे. फिलिप नाही म्हणाला. मग दुसऱ्या कुणाला नेमलं, तर ते त्याला आवडेना. आणि हळूच त्यानं मनातलं बोलून दाखवलं: राजाच्या दोघी बहिणी माझ्या माणसाच्या मुलांना द्या. सरदार चिडले, दरबारात शब्दाला शब्द लागला आणि काउंटसाहेब फौज घेऊन उत्तरेला निघून गेले. राज्यातलेही पुष्कळ सैनिक त्यांच्याबरोबर गेले.

सलाहुद्दीनला ही खबर इजिप्तमध्ये लागली. त्यानं हीच वेळ साधली. नोव्हेंबर ११७७ मध्ये तो दक्षिणेकडून आत शिरला. विल्यम त्याच्या सैन्याचा आकडा २६ हजार देतो. जुन्या बखरींतल्या आकड्यांचा आपल्याला अनुभव आहेच, तेव्हा तो थोडा कमी धरून चालू. राजाकडे मात्र जेमतेम पावणेचारशे बडे स्वार आणि मागे पायदळ. सोळा वर्षांचा, नुकताच अंथरुणातून उठलेला राजा धावत अस्कलानच्या तटात शिरला आणि तिथंच कोंडला गेला. सलाहुद्दीनला वाटलं, इथलं काम झालं. त्यानं अस्कलान मागं टाकलं. त्याचे लोक रमल्याच्या आसपास लुटीसाठी पांगले. सामानसुमान मागं राहिलं होतं, घोडी थकली होती. आपल्या मागून कुणी येईल हे त्याच्या मनातही नव्हतं.

राजा मागून आला. गाझाहून टेंपलर पंथाचे ऐंशी स्वार येऊन मिळाले होते. समुद्राकाठानं वळसा घेत २५ नोव्हेंबरला त्यांनी माँजिझार नावाच्या ठिकाणी सलाहुद्दीनला गाठलं. मायकेल नावाच्या सीरियन ख्रिस्ती धर्मगुरूनं लिहिलंय, की ऐन वेळी राजा घोड्यावरून उतरला, खऱ्या क्रूसापुढं जमिनीवर आडवा होऊन रडला आणि ते पाहून सैनिकांनी मागं न हटण्याची शपथ घेतली. ते तसंच घडलं असेल-नसेल. घोड्यावरून उतरलेल्या त्या मुलाला पुन्हा चढवायला माणसं लागली असणार, हे मात्र मला सारखं दिसतं. सलाहुद्दीनचे लोक रांगा धरेपर्यंत हल्ला झाला. त्याची फौज मोडली, तो स्वतः थोडक्यात वाचला आणि उंटावर बसून वाळवंटातून, पावसात आणि थंडीत, कसाबसा इजिप्तला पोचला. मुसलमान इतिहासकारांनी हा पराभव झाकलेला नाही. सलाहुद्दीनच्या चरित्रकारानंही तो मोठा फटका असल्याचं मान्य केलं आहे.

विजयानंतर जेरुसलेममध्ये घंटा वाजल्या. पण तिथल्या इस्पितळाच्या प्रमुखानं युरोपला पाठवलेल्या पत्रात आपल्या बाजूचे अकराशे ठार झाल्याचं आणि साडेसातशे जखमी इस्पितळात आल्याचं लिहिलं आहे. जिंकलेल्यांची ही संख्या. ज्या राज्यात माणसंच कमी, त्याला असे विजय फार परवडत नाहीत.

आणि तसंच झालं. ११७९ च्या एप्रिलमध्ये बनियासच्या रानात राजाच्या टोळीवर अचानक छापा पडला, त्याला वाचवताना वृद्ध सेनापती हम्फ्री जबर जखमी होऊन मेला. जूनमध्ये मर्ज अयूनला मोठा पराभव झाला. राजा घोड्यावरून पडला आणि त्याला पुन्हा चढता येईना. एका सरदारानं त्याला पाठुंगळी मारून रणातून बाहेर काढलं. ऑगस्टमध्ये जॉर्डन नदीच्या उताराजवळ बांधलेला नवा किल्ला गेला. हा किल्ला पाडून टाकण्यासाठी सलाहुद्दीननं आधी साठ हजार आणि मग एक लाख दिनार देऊ केले होते. राजानं घेतले नाहीत. पैसे देऊन जे जमलं नाही ते सलाहुद्दीननं सुरुंगानं आणि आगीनं पाच-सहा दिवसांत करून दाखवलं.

याच सुमारास बाल्डविननं फ्रान्सचा राजा सातवा लुई याला पत्र लिहिलं. ज्याचे हातपाय चालत नाहीत त्याच्याकडून कारभार होत नाही, कुणीतरी समर्थ माणूस पाठवा, त्याच्या हाती मी राज्य देतो, अशा आशयाचं ते पत्र आहे. अठरा वर्षांचा मुलगा हे लिहितो. बर्गंडीचा ड्यूक येणार, सिबिलाशी लग्न करणार, असं ठरलं. तो आलाच नाही.

आता दरबार. एव्हाना त्याची आई अ‍ॅग्नेस परत आली होती. मधल्या काळात तिची आणखी लग्नं झाली होती. मामा जोसलिन अलेप्पोच्या कैदेतून सुटून आला होता, तो राज्याचा बडा अधिकारी झाला. त्याच कैदेतून पंधरा-सोळा वर्षांनी सुटलेला शातियोंचा रेनॉल्ड आला, त्याला जॉर्डनपलीकडचे किल्ले लग्नात मिळाले. हा एक गट. दुसरा गट त्रिपोलीच्या रेमंडचा आणि इब्लिनच्या भावांचा. बाल्डविनच्या आईविषयी विल्यम फार कडवट लिहितो. लोभी बाई, कारस्थानी बाई. ते वाचताना एक लक्षात ठेवावं, की ११८० मध्ये जेरुसलेमच्या धर्मगुरूपदाची विल्यमला आशा होती आणि ते गेलं हेराक्लियसला, बाईच्या माणसाला. शिवाय जिला एकदा राणीपदाच्या उंबरठ्यावरून हाकललं, त्या बाईला मुलाचं आजारपण तरी जवळून पाहावंसं वाटलं, तर त्यात कारस्थानच असलं पाहिजे असं नाही.

११८० च्या ईस्टरला रेमंड आणि अँटिओकचा राजपुत्र बोहेमंड सैन्य घेऊन जेरुसलेमकडे आले. राजाला वाटलं, हे मला उतरवून सिबिलाचं लग्न आपल्या माणसाशी लावणार. घाईघाईनं, तेही पवित्र सप्ताह चालू असताना, त्यानं सिबिला एका माणसाला देऊन टाकली. गी द लुझिन्यां त्याचं नाव. फ्रान्समधल्या एका घराण्यातला धाकटा मुलगा, दिसायला बरा, वतन नाही, अनुभव नाही. ज्या राजाला तख्त सोडायचं होतं, तोच तख्त हिसकावलं जाईल या भीतीनं वाकडी वाट धरतो, हे वरवर विसंगत वाटतं. पण देणं वेगळं आणि लुटलं जाणं वेगळं. तरीही माझ्या मते त्याची सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती त्याला पाच वर्षं पुरली.

त्याला संत करायचं कारण नाही. २००५ सालच्या रिडली स्कॉटच्या सिनेमात तो रुपेरी मुखवटा घालून फार शहाणी वाक्यं बोलतो, आणि एडवर्ड नॉर्टननं ती सुरेख बोललीही आहेत. समकालीन लिखाणात मुखवटा नाही. आणि हा राजा इतर राजांसारखीच शत्रूची पिकं जाळत फिरलेला आहे. ११८२ मध्ये त्याची फौज दमास्कसजवळच्या दारय्या गावी पोचली. तिथली मशीद पाडायचा विचार झाला. इब्न अल-असीर सांगतो, की दमास्कसच्या नायबानं तिथल्या ख्रिस्ती लोकांनाच मध्यस्थ म्हणून पाठवलं: मशीद पाडलीत तर ती आम्ही पुन्हा बांधू, पण आमच्या मुलखातली चर्चेस राहणार नाहीत. फौज मशिदीला हात न लावता परतली.

रेनॉल्डपुढं मात्र राजाचं काही चालेना. तह चालू असताना त्यानं अरबस्तानात घुसून मुसलमानांचा काफिला लुटला. सलाहुद्दीननं राजाकडे भरपाई मागितली. राजानं रेनॉल्डला हुकूम दिला, रेनॉल्डनं तो धुडकावला. पुढं ११८२-८३ च्या हिवाळ्यात त्यानं जहाजांचे सुटे भाग वाळवंटातून नेऊन तांबड्या समुद्रात उतरवले आणि हज यात्रेच्या वाटेवर लूटमार केली. मुसलमान जगात त्याचा जो संताप उसळला, त्याची फेड अखेर त्या सगळ्या राज्याला करावी लागली.

११८३ च्या उन्हाळ्यात नाझरेथमध्ये बाल्डविनला ताप आला. आता डोळे गेले होते, हातापायांची बोटं झडत होती. वय बावीस. त्यानं गी ला मुखत्यार नेमलं. स्वतःकडे फक्त राजेपण, जेरुसलेम शहर आणि वर्षाला दहा हजार सोन्याची नाणी ठेवली. पुन्हा एकदा ओझं खाली ठेवलं. शरद ऋतूत सलाहुद्दीन आला. गी कडे त्या राज्यानं क्वचितच पाहिलेली मोठी फौज होती. दोन्ही सैन्यं गॅलिलीत पाण्याच्या झऱ्यांजवळ आठवडाभर समोरासमोर राहिली. गी लढला नाही. सलाहुद्दीन अखेर रसद संपल्यावर परत गेला.

यावरून दरबारात गी ला भेकड ठरवलं गेलं. आज शांतपणे पाहिलं, तर त्यानं काय वाईट केलं? शत्रू आला तसा गेला, राज्याचा एक किल्ला पडला नाही. चार वर्षांनी, ११८७ मध्ये, हाच गी राजा असताना लोकांच्या टोचण्या आठवून पाणी सोडून पुढं गेला आणि हित्तीनच्या उन्हात तहानेनं सगळी फौज गमावून बसला. तेव्हा न लढल्याबद्दल त्याला जे बोलले, त्यांनी त्याला एक चुकीचा धडा दिला. पण आंधळ्या राजाला ही पुढली गोष्ट कशी दिसणार! त्याला दिसला तो एवढाच, की सरदार या माणसाचं ऐकत नाहीत. त्यात भर म्हणजे राजानं, मला टायरची समुद्राची हवा मानवेल, टायर मला दे आणि जेरुसलेम तू घे, असं सुचवलं तर गी नं नकार दिला. अपमान न विसरणारा मुलगा तो. त्यानं गी ची मुखत्यारी काढून घेतली आणि नोव्हेंबर ११८३ मध्ये सिबिलाच्या पहिल्या नवऱ्यापासून झालेल्या पोराला, पाच वर्षांच्या भाच्याला, आपल्याबरोबरीनं राजा म्हणून मुकुट घातला.

त्याच दिवसांत करकच्या किल्ल्यात लग्न होतं. अकरा वर्षांच्या इसाबेलाचं, रेनॉल्डच्या सावत्र मुलाशी. सलाहुद्दीननं किल्ल्याला वेढा घातला. एक कथा अशी, की वरमाईनं लग्नातली पक्वान्नं सलाहुद्दीनच्या छावणीत पाठवली आणि त्यानं नवराबायको कुठल्या बुरुजात आहेत हे विचारून त्या बुरुजावर दगड फेकू नयेत असा हुकूम दिला. इकडे जेरुसलेमच्या बुरुजावर जाळ पेटवला गेला, म्हणजे दूरच्या करकला कळावं की मदत निघाली आहे. आणि मदत निघाली. राजा दोन घोड्यांच्या मध्ये बांधलेल्या डोलीत. दिसत नाही, बसवत नाही, पण फौजेबरोबर. लढाईचं काम त्यानं रेमंडकडे सोपवलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, ही फौज पोचायच्या आतच, सलाहुद्दीननं वेढा उठवला.

परतल्यावर राजानं सिबिलाचं लग्न मोडायचं ठरवलं. गी बायकोला घेऊन आपल्या अस्कलानमध्ये जाऊन बसला. बोलावणं गेलं, आजारी आहे म्हणून निरोप आला. मग राजा स्वतः गेला. सहा वर्षांपूर्वी ज्या अस्कलानमधून तो घोड्यावर बसून सलाहुद्दीनच्या मागे धावला होता, त्याच अस्कलानचे दरवाजे बंद होते. त्यानं त्या झडलेल्या हातानं दरवाजा ठोठावला. लोक तटावर उभे राहून बघत होते. कुणी दार उघडलं नाही. राजा डोलीतून परत फिरला.

पुढचा प्रयत्न समुद्रापलीकडचा. ११८४ मध्ये धर्मगुरू हेराक्लियस युरोपला निघाला. त्याच्याजवळ जेरुसलेमच्या किल्ल्या होत्या. ११८५ मध्ये त्या इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याच्यापुढं ठेवल्या गेल्या. तो बाल्डविनचा रक्तानं नातलगच. हेन्रीनं सल्लामसलत केली, पैसे देऊ म्हणाला, किल्ल्या परत केल्या. त्याआधी पोप तिसरा अलेक्झांडर यानं राजाचा रोग हा ईश्वरी कोप असल्याचं लिहून युरोपला मदतीची हाक घातली होती. अशा हाकेला कोण ओ देणार? जिथं देवाचाच कोप आहे तिथं कोण सिंहासनावर बसायला येईल?

शत्रूकडच्यांनी काय लिहिलं? स्पेनमधला यात्रेकरू इब्न जुबैर ११८४ मध्ये अक्कोला आला होता. त्यानं राजाचा उल्लेख शिवी घालून केला आहे आणि देवानं त्याला रोग देऊन लोकांपासून लपवून ठेवल्याचं समाधानानं नोंदवलं आहे. हे वाचताना वाईट वाटतं. म्हणजे पोप आणि इब्न जुबैर, दोघांचं या एका बाबतीत एकमत होतं. सलाहुद्दीनचा चिटणीस इमादुद्दीन मात्र वेगळं काही टिपतो. राजा असा रोगानं जर्जर, तरीही हे लोक त्याला सोडत नाहीत, त्याचा शब्द मानतात, याचं त्याला नवल वाटलं. जे नवल त्याच्या दरबारातल्या अर्ध्या माणसांना वाटलं नाही, ते शत्रूच्या चिटणिसाला वाटलं.

११८५ च्या वसंतात, चोविसावं वर्ष पुरं व्हायच्या आत, बाल्डविन गेला. मरण्यापूर्वी त्यानं रेमंडला कारभारी नेमून सरदारांना शपथा घ्यायला लावल्या होत्या: भाचा वारला, तर गादी कुणाची हे पोप, सम्राट आणि इंग्लंड-फ्रान्सचे राजे ठरवतील. भाचा पुढच्याच वर्षी वारला. शपथा कुणी आठवल्या नाहीत. सिबिलाला सांगण्यात आलं, गी ला सोड, मग राणी हो. तिनं मान्य केलं, एका अटीवर, की पुढचा नवरा माझ्या मर्जीचा. मुकुट डोक्यावर आल्यावर तिनं मर्जीनं गी चीच निवड केली. तिच्या आईला तिच्या बापापासून ज्या अटीवर तोडलं होतं, त्या अटीचं उत्तर मुलीनं तेवीस वर्षांनी दिलं, असं म्हणावंसं वाटतं. राज्याच्या दृष्टीनं मात्र ते महाग पडलं. ४ जुलै ११८७ ला हित्तीन झालं, २ ऑक्टोबरला जेरुसलेम सलाहुद्दीनच्या स्वाधीन झालं.

बाल्डविनला होली सेपल्कर चर्चमध्ये बापाशेजारी पुरलं होतं. सलाहुद्दीननं त्या चर्चला धक्का लावला नाही. १८०८ च्या आगीनंतर चर्चची दुरुस्ती झाली, तेव्हा तिथल्या क्रूसेडर राजांच्या कबरी नाहीशा झाल्या. आज यात्रेकरू ज्या फरशीवरून चालतात तिथं त्याच्या नावाचा दगड नाही. आणि त्याला घोडा शिकवणारा अबुल खैर? अरबी वैद्यांची चरित्रं लिहिणारा इब्न अबी उसैबिया सांगतो, की जेरुसलेम सलाहुद्दीनकडे गेलं, तेव्हा त्यानं या हकीम कुटुंबाच्या घराला अभय दिलं. अबू सुलेमानची पोरं पुढं अय्युबी सुलतानांचे हकीम झाली.